नीरेच्या उजव्या कालव्याखालची सात एकर

पुण्याहून निघून दिवेघाट चढला, सासवड आणि जेजुरी मागे पडली, की वाल्ह्याच्या पुढे जमीन हळूहळू उतरू लागते आणि नीरा नदी येते. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरास्नान घडते ते याच ठिकाणी. पुढे लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते हा सारा मार्ग पालखीचा आहे, आणि तोच या भागाच्या पाण्याचाही मार्ग आहे. भोरजवळच्या भाटघर धरणात साठलेले आणि वीर धरणातून सोडलेले पाणी नीरेच्या दोन कालव्यांनी दोन्ही अंगांना जाते. डावा कालवा बारामती-इंदापूरकडे, उजवा फलटण-माळशिरसकडे. डावा एकोणिसाव्या शतकातला, उजवा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. या पाण्याने ज्या गावांचे नशीब पालटले, त्यांत नातेपुत्याच्या परिसरातील अनेक गावे आहेत.

पौषातल्या एका पहाटे याच रस्त्याने एक कुटुंब निघाले होते. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करणारे दोघे बंधू आणि त्यांची सोलापुरास दिलेली थोरली बहीण. कारण साधे होते. नातेपुत्याजवळ त्यांच्या आजोबांची सात एकर जमीन आहे आणि तिच्या मोजणीची तारीख त्या दिवशी होती. मोजणी झाली की विक्रीचा निर्णय घ्यायचा, असे धाकट्या बंधूंच्या मनात होते. दुकानाशेजारचा गाळा विकावयास निघाला होता आणि त्यासाठी रक्कम हवी होती. थोरल्या बंधूंचे मत उलट होते. आळंदी-पंढरपूर पालखी महामार्ग रुंद झाला, भाव चढणार, मग आता विकणे म्हणजे घरची लक्ष्मी दाराबाहेर काढणे. बहिणीचे मत काय, हे तोवर कोणी विचारले नव्हते. हक्कसोडपत्रावर त्यांची सही लागेल, एवढेच त्यांना कळवण्यात आले होते.

लोणंदचा कांदा आणि जमिनीचा भाव

लोणंदची कांद्याची बाजारपेठ मोठी आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरात कांदा येत नाही, त्या घरांतील व्यापाऱ्यांनाही लोणंदचा भाव ठाऊक असतो. कांदा धरून ठेवणाऱ्याचा हिशेब कडक असतो. चाळीतली घट, सड, मजुरी आणि अडकलेल्या रकमेचे व्याज जमेस धरून तो रोज स्वतःला विचारतो, ‘आज विकू की थांबू?’ तूर आणि हरभरा धरणारेही हाच हिशेब करतात. जमिनीच्या बाबतीत मात्र हीच माणसे वर्षानुवर्षे तो प्रश्न विचारीत नाहीत. जमीन सडत नाही, तिला उंदीर लागत नाहीत, गोदामाचे भाडे द्यावे लागत नाही, म्हणून तिला घटही नाही असे वाटते.

गाडीत धाकट्या बंधूंनी आकडे मांडले. गेल्या पाच वर्षांत सात एकरांतून वाट्यापोटी सरासरी वर्षाला १ लाख ४० हजार रुपये आले होते. पाटाखालच्या चार एकरांस गावात २० लाखांचा आणि वरच्या माळाच्या तीन एकरांस १२ लाखांचा एकरी भाव बोलला जात होता. एकूण १ कोटी १६ लाख. म्हणजे उत्पन्न सव्वा टक्क्यालाही थोडे कमी. उरलेला सगळा लाभ भाव चढण्यावर अवलंबून. माळाचा तर वेगळा हिशेबच केविलवाणा होता. बाजरी-मक्याचे वर्षाला दहा-बारा हजार, तेही पाऊस झाला तर.

थोरल्यांनी मध्यस्थाचा निरोप सांगितला. रस्त्यालगत एकरी ४५ लाखांचा व्यवहार झाला आहे आणि दोन वर्षांत रक्कम दुप्पट होईल. धाकट्यांनी तिथल्या तिथे सांगितले, दोन वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने दरसाल ४१ टक्के. मालाच्या व्यवहारात असा वायदा कोणी केला तर दादा त्याच्या सावलीला तरी उभे राहतील का? शिवाय आपली जमीन महामार्गापासून अडीच किलोमीटर आत, पाणंदीवर. रस्त्यालगतचा भाव तिला कसा लागू होईल? थोरले गप्प राहिले. पण ‘विकलेली जमीन परत मिळत नाही’ हे त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते.

नातेपुत्याचा शिवार

फलटण हे निंबाळकरांच्या संस्थानाचे गाव. गुजरातेतून दक्षिणेत उतरलेल्या हुमड जैन कुटुंबांनी सोलापूर, फलटण, बारामती या पट्ट्यात पेढ्या मांडल्या, धान्य, कापड आणि सावकारीचा व्यवसाय केला आणि ओघाने जमिनीही घेतल्या. काही विकत आल्या, काही गहाणातून. या कुटुंबाच्या आजोबांकडे एकेकाळी बावीस एकर होती. आज सात आहे. मधल्या पंधरा एकरांची कथा बांधावर उभे राहिल्यावाचून नीट समजत नाही.

बरडच्या पुढे सोलापूर जिल्हा लागतो. दक्षिणेला शंभू महादेवाच्या डोंगरांची रांग दिसू लागते, त्यातच शिखर शिंगणापूर. डोंगराकडचा मुरमाड माळ आणि कालव्याखालची काळी रान यांच्यातली सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते. जिथवर पाट आहे तिथवर ऊस आणि मका, त्याच्या वर बाजरी, गवत आणि अधूनमधून ठिबकावर जगवलेल्या डाळिंबाच्या बागा. उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेला लागल्या होत्या.

शेतावर वाटेकरी तात्या आधीच येऊन बसले होते. एकतीस वर्षे ते हे रान कसतात. निम्म्या वाट्याने, आणि तेही तोंडी ठरावावर. दर पाडव्याला बोलणे व्हायचे, एवढाच करार. लेखी का नाही, याचे उत्तर दोन्ही बाजूंना ठाऊक असते आणि कोणी ते उच्चारीत नाही. १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता, तो कायद्याच्या अटींनुसार तिचा मालक झाला. किंमत आकाराच्या २० पटींहून कमी नाही व २०० पटींहून अधिक नाही, अशी ठरवून दिलेली. त्या दिवसानंतर नवे कूळ निर्माण झाले, तर त्यालाही खरेदीचा हक्क मागण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली. म्हणून मालक लिहून देण्यास भितो. कसणारा मात्र दर वर्षी पुढच्या वर्षाच्या अनिश्चिततेत पेरतो.

आजोबांची पंधरा एकर त्या कृषक दिनी कुळांकडे गेली. राहिली ती सात एकर, जी त्या काळी गडी ठेवून घरची म्हणून कसली जात होती. आज बांधाच्या पलीकडे त्या कुळांची नातवंडे राहतात. त्यांनी विहीर खोल केली, कालव्याच्या पाळीचे पाणी शेततळ्यात साठवले, डाळिंब लावले, मुलींना पुण्यास शिकवले. बांधाच्या अलीकडे मात्र विहिरीत गाळ, चारीत गवत आणि उसाचा तिसरा खोडवा. माती एकच, पाणी एकच, पाऊस एकच. तात्यांच्या कष्टात उणे नव्हते. पण विहीर उपसायला, पाइप टाकायला भांडवल घालणे हे मालकाचे काम, आणि मालक शंभर मैलांवर. जमीन सडत नाही हे खरे. पण तिच्यावरचे लक्ष मात्र सडते.

मोजणीचा दिवस

भूमापक आले, यंत्र लावले, जुना नकाशा उघडला. आजोबांनंतर या गटाची मोजणी झालीच नव्हती. दुपारपर्यंत जे निघाले ते असे. पूर्वेच्या बाजूला पाणंद सरकत सरकत शेतात आली होती आणि त्यात सात गुंठे गेले होते. सातबारावर नऊ गुंठे पोटखराबा लागला होता, याचीही घरी कोणाला जाण नव्हती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सातबारावर अजून वडिलांचेच नाव होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली, तरी वारसनोंद झालेली नव्हती. म्हणजे ज्या जमिनीच्या विक्रीवर गेले वर्षभर घरात वाद चालला होता, ती विकण्यास कागदोपत्री अजून कोणी मालकच उभा नव्हता.

विक्रीपूर्वी काय पाहावे लागते, याची यादी अशा वेळी आपोआप तयार होते. सातबारा आणि आठ-अ. सातबाराचा भोगवटादार वर्ग एक की दोन. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाची नोंद किंवा सोसायटीचा बोजा. मागील फेरफार. शेताला हक्काचा रस्ता. कालव्याच्या पाण्याची पाळी कागदावर आहे की केवळ सवयीवर. खरेदीदार शेतकरी आहे की नाही, हेही पाहावे लागते. शेतकरी नसलेल्या व्यक्तीस महाराष्ट्रात शेतजमीन घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. या नियमाची दुसरी बाजू व्यापारी घराने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. ज्या घराने आपली सगळी शेतजमीन विकली, त्याच्या पुढच्या पिढीला पुन्हा जमीन घ्यावयाची झाल्यास तेच दार आडवे येते. तुकडेबंदीमुळे फार लहान तुकडा करून विकणेही शक्य नसते. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत हे किमान क्षेत्र बागायतीस १० गुंठे आणि जिरायतीस २० गुंठे असे झाले.

कराचा प्रश्न धाकट्या बंधूंनी आधीच सल्लागारास विचारून ठेवला होता. ग्रामीण शेतजमीन आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता मानली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र ‘ग्रामीण’ म्हणजे काय, याचे माप ठरलेले आहे. जवळच्या नगरसंस्थेची लोकसंख्या १० हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असेल तर तिच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत असेल तर ६ आणि त्याहून अधिक असेल तर ८ किलोमीटर यांच्या बाहेर ती जमीन असावी लागते. नातेपुते आता नगरपंचायत आहे, अकलूज नगरपरिषद आहे. गाव शहर होते तेव्हा भाव चढतो आणि त्याच वेळी कराची रेषाही शेताकडे सरकते. हे शेत त्या रेषेच्या बाहेर होते. आणखी दहा वर्षांनी असेलच असे नाही. रेषेच्या आत गेलेल्या जमिनीसही वाट असते. दोन वर्षे शेतीसाठी वापरलेली जमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्या प्रमाणात सवलत मिळते.

बांधावरचे बोलणे

दुपारी विहिरीच्या थारोळ्यावर बसून डबे उघडले गेले. शेजारचे डाळिंबवाले, म्हणजे जुन्या कुळाचे नातू, तेथे आले. बोलणे सरळ होते. “शेठ, माळाची तीन एकर आम्हाला द्या. बारा लाखांनी घेतो. सगळी रक्कम बँकेतून देतो.”

मध्यस्थाच्या सांगण्यानुसार थोड्या थांबण्याने पंधरा मिळाले असते, आणि निम्मी रक्कम रोख घेण्याची तयारी असती तर सोळाही. पण स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. पालखी मार्गाच्या वेळी या शिवाराने आणखी एक धडा घेतला होता. भूसंपादनाचा मोबदला ठरवताना मागील तीन वर्षांतील नोंदणीकृत खरेदीखते पाहिली जातात. ज्या गावात मुद्रांक वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे कमी किमतीची खते झाली, त्या गावच्या जमिनीची किंमत सरकारी कागदावरही तेवढीच राहिली. दडवलेला आकडा कोणाच्याच उपयोगी पडला नाही.

मग धाकट्यांनी विषय काढला, की माळच का, सगळेच देऊन टाकू. तेव्हा बहीण प्रथमच बोलल्या.

“दादा, भाऊ, तुम्ही दोघे एक वर्ष भांडता आहात. माझ्या सहीचा कागद तयार आहे म्हणे. पण मला विकायची आहे की ठेवायची आहे, हे कोणी विचारलेच नाही. मी सही सोडणार नाही. आणि चार एकर विकून तात्यांना या वयात दुसऱ्याच्या बांधावर पाठवणारही नाही.”

जैनांनाही लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या सुधारणेने मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणे समान सहदायाद ठरली. वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हे सारे त्या तिघांना ठाऊक होते. पण कायदा ठाऊक असणे वेगळे आणि बहिणीला विचारणे वेगळे. थोरले बंधू बराच वेळ विहिरीतल्या गाळाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ताई, चुकले.” त्यांच्या तोंडून हा शब्द घरात क्वचितच ऐकू आला होता.

दहिगाव आणि नदीपलीकडचे गाव

चौविहारापूर्वी पोहोचावे म्हणून तिघे लवकर निघून दहिगावास गेले. माळशिरस तालुक्यातील हे अतिशय क्षेत्र भगवान महावीरांचे, आणि ब्रह्मचारी महतीसागर यांच्या स्मृतीने पावन झालेले. दर्शन झाले, सूर्य असताना भोजन झाले आणि तिघे प्रांगणात बसले.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात ज्या वस्तूंची मर्यादा करावयाची, त्यांत क्षेत्र आणि वास्तू सर्वांत आधी येतात. सोने-रुपे, धन-धान्य त्यानंतर. शेतीला धर्मात कमीपणा नाही. आदिनाथांनी लोकांना शिकवलेल्या षट्कर्मांत कृषी आहे. प्रश्न परिमाणाचा आहे. परिमाण म्हणजे मोजमाप. ज्या जमिनीची हद्द मालकाला ठाऊक नाही, जिच्या कागदावर गेलेल्या माणसाचे नाव आहे, जिचे पाणी आणि पीक दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, तिचे परिमाण कोणी कसे करावे? भाव चढेल म्हणून न पाहता धरून ठेवलेली जमीन आणि पैसा हवा म्हणून न मोजता विकलेली जमीन, दोन्हींत मालक तिच्याकडे पाहतच नाही.

दहिगावाहून उत्तरेला नीरा ओलांडली की वालचंदनगर लागते. सोलापूरच्या हुमड कुटुंबातले वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब परिसराच्या माळावर शेती आणि साखर कारखाना उभा केला, आणि गावाला त्यांचे नाव मिळाले. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला आणि राज्यातील साखर कारखान्यांची मोठी क्षेत्रे राज्य शेती महामंडळाकडे गेली. वालचंदनगरचा मळाही त्यातच गेला. जमीन गेली, पण तिच्यावर उभी केलेली उद्योगनगरी राहिली आणि तेथील यंत्रशाळेतून पुढे अवकाशयानांसाठीही भाग तयार झाले. १९५७ मध्ये लहान मालकाने जे पाहिले, तेच नंतर मोठ्या मालकाने पाहिले. या नदीच्या दोन्ही काठांवर जमीन कोणाकडे टिकली, यापेक्षा तिच्यावर कोणी काय केले, हेच अधिक टिकले आहे.

ठरले ते

निर्णय त्या प्रांगणातच झाला. आधी वारसनोंद, तिघांच्या नावांनी. पाणंदीत गेलेल्या सात गुंठ्यांसाठी भांडण नाही. वाट सर्वांचीच आहे. मात्र उरलेल्या हद्दीवर दगड रोवायचे. माळाची तीन एकर डाळिंबवाल्यांना, पूर्ण रक्कम खतात दाखवून. आलेल्या ३६ लाखांतून सहा लाख आधी बाजूला काढायचे, विहीर उपसणे, पाइपलाइन आणि ठिबक यांसाठी. उरलेले तीस तिघांत समान. धाकट्यांचे दहा गाळ्याच्या कामी येतील, बाकीची रक्कम व्यापाऱ्याने जशी उभी करायची तशी उभी होईल. गाळ्यासाठी वडिलांचे सगळे शेत द्यावे लागणार नाही. पाटाखालची चार एकर ठेवायची, पण ‘ठेवायची’ म्हणजे काय, हेही ठरले. वर्षातून दोनदा तिघांपैकी एकाने बांधावर यायचे, पिकाचा हिशेब लिहायचा, आणि दर पाच वर्षांनी हाच प्रश्न नव्याने विचारायचा. पाच वर्षांनी उत्तर विक्रीचे आले तर तेही मान्य.

तात्यांना हे दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर सांगितले. त्यांनी विहिरीबद्दल काही विचारले नाही, भावाबद्दलही नाही. एवढेच म्हणाले, “मग खोडवा मोडतो आणि या साली हरभरा टाकतो. रानाला विसावा मिळंल.”

आजोबांच्या काळापासून या घराच्या वहीत दर दिवाळीला शेवटच्या पानावर ‘नातेपुते शेत’ अशी एक ओळ लिहिली जाते. तिच्यासमोर क्षेत्राचा आकडा कधीच नसे. परतीच्या वाटेवर लोणंदला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा थोरल्या बंधूंनी वही काढली, मोजणीचा कागद समोर धरला आणि त्या ओळीपुढे एकर-गुंठ्यांचा आकडा लिहिला. मग वही आणि पेन बहिणीकडे दिले. त्यांनी आकडा कागदाशी ताडून पाहिला आणि खाली तिघांची नावे लिहिली.